व्हिएतनामच्या शेतकऱ्याने देश कसा सावरला



व्हिएतनाम हे नाव आपल्याला आता परके राहिलेले नाही. एके काळी हे नाव फक्त लढाईच्या बातम्यांत यायचे. आता बाजारात मिरीचा भाव पडला की व्यापारी व्हिएतनामकडे बोट दाखवतो. आपल्या सांगली-सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यात ड्रॅगन फ्रूट लावणाऱ्याला व्हिएतनामच्या बागांचे दाखले दिले जातात. भाताच्या निर्यातीत आपल्या देशाशी स्पर्धा करणाऱ्यांत त्याची गणना होते.

हा देश आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडासाच मोठा. लोकसंख्या सुमारे दहा कोटी. चाळीस वर्षांपूर्वी तिथे माणशी उत्पन्न भारतापेक्षाही पुष्कळ कमी होते आणि खायला पुरेसा तांदूळ नव्हता. २०२४ साली तिथले माणशी उत्पन्न सुमारे ४,७०० डॉलर झाले, म्हणजे आपल्या दीडपटीहून जास्त. हे घडले कसे? जादूने तर नाहीच, आणि नुसते परदेशी कारखाने आले म्हणूनही नाही. सुरुवात झाली ती शेतातून, आणि तीही सहकारी शेतीच्या प्रश्नावरून. आपण सहकारातली माणसे, म्हणून ही हकिगत आपण नीट समजून घ्यायला हवी.

घंटा वाजली की शेतावर

उत्तर व्हिएतनाममध्ये १९५८ ते १९६० च्या सुमारास शेती सामुदायिक झाली. 'सहकारी संस्था' असे तिचे नाव होते, पण आपल्या आणि त्यांच्या सहकारात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्याकडे प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला तेव्हापासून रीत अशी आहे की जमीन ज्याची त्याच्या नावावर, पीक ज्याचे त्याचे. भाग घ्यायचा, ऊस घालायचा आणि वजनाप्रमाणे पैसे घ्यायचे. तिकडे जमीन, बैल, अवजारे सगळे संस्थेत जमा. सकाळी घंटा वाजली की टोळीबरोबर शेतावर जायचे आणि दिवसभराच्या कामाचे 'गुण' वहीत लिहून घ्यायचे. हंगाम संपला की सरकारचा वाटा, संस्थेचा खर्च, कारभाऱ्यांचा वाटा जाऊन जे उरेल ते गुणांच्या हिशेबाने वाटायचे.

आता यात खोट कुठे? खोट अशी, की गुण मिळायचे ते हजेरीला, पिकाला नव्हे. रोप नीट लावले काय आणि कसेतरी खोचले काय, गुण तेवढेच. भात जास्त पिकले तरी एका माणसाच्या वाट्याला त्यातली ओंजळभर वाढ यायची. मग कोण कशाला कंबर मोडेल? दर कुटुंबाला घरापाशी थोडी जमीन स्वतःसाठी ठेवायला परवानगी होती. एकूण जमिनीच्या पाच टक्के इतकीच. पण भाजी, डुकरे, कोंबड्या सगळे त्या तुकड्यावर, आणि घरच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तिथूनच निघे. माणसे तीच, माती तीच, पाणीही तेच. फरक एवढाच, की पाच टक्क्यांतले पीक स्वतःच्या घरी येत होते.

एका प्रांताच्या पुढाऱ्याचे धाडस

हे दुखणे वर बसलेल्यांच्या आधी खालच्या माणसांना कळले. विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ साली ६८ क्रमांकाचा ठराव करून शेतीचे काम कुटुंबांना बांधून द्यायला सुरुवात केली. ठरलेले धान्य संस्थेला द्या, वरचे तुमचे. पीक सुधारले. पण दिल्लीला जसे 'वरून' म्हणतात, तसे हनोईच्या 'वरून' हे चालेना. त्या वेळचे मोठे नेते त्रुओंग चिन्ह यांनी याच्यावर कडक टीका केली आणि १९६८ साली हा प्रयोग बंद पडला. किम न्गोक यांना आपली चूक झाली असे कबूल करावे लागले. १९७९ साली ते वारले.

१९७५ साली लढाई संपली, १९७६ साली देश एक झाला. नेत्यांनी ठरवले, आता सगळ्या देशात तीच पद्धत. पंचवार्षिक योजनेत १९८० साली २१० लाख टन धान्य पिकवायचे उद्दिष्ट धरले. प्रत्यक्षात पिकले सुमारे १४४ लाख टन. दक्षिणेकडे मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश म्हणजे तिथले भाताचे कोठार. तिथल्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतीची आणि बाजाराची सवय होती. त्याने सामुदायिक शेतीला उघड विरोध केला नाही, पण मनही घातले नाही. बहुतेक गट कागदावरच राहिले. त्यात १९७८ चे पूर, कंबोडियातली लढाई, १९७९ साली चीनशी झालेले युद्ध आणि बाहेरची बंद झालेली मदत. शहरात शिधापत्रिकेवर तांदूळ, तोही मका-रताळ्याची भर घालून खायचा.

तेव्हा हाय फोंग बंदराजवळच्या दोआन सा नावाच्या गावाने चोरून तेच केले, जे किम न्गोक यांनी केले होते. कुटुंबाला जमीन नेमून दिली, ठरलेले धान्य घेतले, बाकी सोडून दिले. पीक वाढले तशी गोष्ट पसरली, आणि १९८० साली हाय फोंगच्या पुढाऱ्यांनीच तिला मान्यता दिली.

निम्मी सुधारणा आणि तिचा शेवट

जानेवारी १९८१ मध्ये पक्षाने '१०० क्रमांकाचा आदेश' काढला. नांगरट, पाणी, बी, खत आणि औषध ही कामे संस्थेची. लावणी, निगराणी आणि काढणी ही कुटुंबाची. ठरलेल्या आकड्याच्या वर पिकेल ते कुटुंबाचे. दोन-तीन वर्षे भात वाढले. मग पुन्हा अडले. का अडले? आकडा दर थोड्या वर्षांनी वाढवला जाऊ लागला. खत वेळेवर येईना. संस्थेची माणसे वाढली, त्यांचा खर्च शेतकऱ्याच्या वाट्यातून जाऊ लागला. शेतकऱ्याच्या हातात पुन्हा थोडेच उरू लागले, तेव्हा काहींनी जमीन परत केली. म्हणजे पहा, नुसते 'जास्त पिकवा, जास्त तुमचे' असे म्हणून भागत नाही. खत, पाणी, भाव आणि शब्द पाळणे, हे सगळे त्याच्या मागे लागते.

शहरातली स्थिती याहून वाईट. सरकार वस्तू स्वस्त विकत घेई, स्वस्त विके आणि तूट नोटा छापून भरून काढी. १९८५ च्या सप्टेंबरात दहा जुन्या नोटांना एक नवी नोट अशी अदलाबदल केली, पगार वाढवले; पण तूट गेली नाही. १९८६ साली महागाई ७७४ टक्के झाली. आपल्या भाषेत सांगायचे तर वर्षाच्या आरंभी शंभर रुपयांना मिळणारी वस्तू वर्षअखेरीस पावणेनऊशेला. अशा वेळी पैसा हातात कोण ठेवील? जो तो सोने, तांदूळ, कापड साठवू लागला.

दोइ मोइ : नवे वळण

जुलै १९८६ मध्ये सर्वोच्च नेते ले झुआन वारले. त्यांच्या जागी थोडे महिने आले ते तेच त्रुओंग चिन्ह. मात्र मधल्या काळात त्यांनी प्रांताप्रांतांत फिरून स्थिती डोळ्यांनी पाहिली होती आणि त्यांचे मत बदलले होते. डिसेंबर १९८६ च्या सहाव्या महाअधिवेशनात 'दोइ मोइ', म्हणजे नूतनीकरण, असे धोरण ठरले आणि न्गुयेन व्हान लिन्ह सरचिटणीस झाले.

ठराव झाला तरी पोट लगेच भरत नाही. १९८८ च्या वसंतात उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो लोकांवर उपासमारीची पाळी आली. मग ५ एप्रिल १९८८ रोजी '१० क्रमांकाचा ठराव' आला, आणि खरा बदल त्याने केला. कुटुंब हेच शेतीचे एकक ठरले. कामाचे गुण गेले. जमीन साधारण पंधरा वर्षांच्या मुदतीने कुटुंबाला कसायला मिळाली. ठरलेल्या उत्पादनातला सुमारे ४० टक्के भाग तरी कुटुंबाकडे राहील अशी हमी मिळाली. बैल-अवजारे घरी आली. धान्य ज्याला पटेल त्याला विकायची मोकळीक मिळाली.

दुसरीकडे १९८९ साली सरकारने पैशाची घडी बसवली. बहुतेक वस्तूंचे सरकारी भाव उठवले. परकीय चलनाचा खरा बाजारभाव मान्य केला. बँकेतल्या ठेवीवर महागाईपेक्षा जास्त व्याज देऊ केले. तेव्हा लोकांनी साठवलेला माल बाजारात काढला आणि पैसा बँकेत ठेवला. महागाई एका वर्षात शेकड्यांवरून सुमारे ३५ टक्क्यांवर आली. पुढची दोन वर्षे ती पुन्हा चढली, पण १९९२ साली २० टक्क्यांच्या आत आली.

परिणाम बघा. १९८८ साली परदेशातून तांदूळ आणावा लागला. १९८९ साली त्याच देशाने सुमारे १४ लाख टन तांदूळ बाहेर विकला. कोणी म्हणेल, एका वर्षात एवढे पिकले? तसे नाही. कालवे, सुधारित वाण हे आधीपासून होते. साठेबाजी संपल्याने लपलेला तांदूळही बाहेर आला. पण कालवा आणि वाण असूनही जे होत नव्हते, ते हिशेब सरळ झाल्यावर झाले. २०२३ साली व्हिएतनामची तांदळाची निर्यात ८० लाख टनांच्या वर गेली. त्याच वर्षी जुलैत आपल्या सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली होती, त्याचाही त्यांना फायदा झाला.

शेतातून कारखान्याकडे

१९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, मदत थांबली. तरी देश कोलमडला नाही, कारण पोटापुरते घरचे होते. १९९३ च्या जमीन कायद्याने हंगामी पिकांच्या जमिनीचा हक्क २० वर्षांचा आणि फळबाग-कॉफीसारख्या जमिनीचा ५० वर्षांचा केला. जमिनीची मालकी आजही सरकारचीच, पण तो हक्क बदलता, विकता, खंडाने देता, वारसाला देता आणि तारण ठेवता येऊ लागला. तारण ठेवता येते म्हटल्यावर कर्ज मिळू लागले. २०१३ च्या कायद्याने हंगामी पिकांचीही मुदत ५० वर्षे झाली.

बाहेरच्या भांडवलाला १९८७ च्या कायद्याने दार उघडले होते. १९९४ साली अमेरिकेने व्यापारबंदी उठवली, १९९५ साली व्हिएतनाम आसियान संघटनेत गेला, २००७ च्या जानेवारीत जागतिक व्यापार संघटनेत. कपडे, बूट, मग मोबाईल फोन यांचे कारखाने आले. १९९३ साली १०० पैकी ५८ माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. २००२ साली २९ राहिली. यात शाळांचाही मोठा हात आहे. गरिबीच्या काळातही मुलामुलींना, विशेषतः मुलींना, शिकवण्यात तो देश मागे राहिला नव्हता. म्हणून कारखाने आले तेव्हा लिहिता-वाचता येणारे हात तयार होते.

साखरेचा धडा

आता आपल्या घरची गोष्ट. भातात एवढे शहाणपण दाखवणाऱ्या सरकारने साखरेत मात्र जुनीच चूक केली. १९९५ साली कार्यक्रम ठरला : २००० सालापर्यंत दहा लाख टन साखर. आकडा वरून आला. प्रत्येक प्रांताला कारखाना हवाच, म्हणून भराभर कारखाने उभे राहिले. पुष्कळसे लहान, काही जुनी यंत्रे आणलेले, काही तर पुरेसा ऊस नसलेल्या ठिकाणी. आकडा जवळजवळ गाठला गेला. पण ऊस लांबून आणायचा, उतारा कमी, कर्ज डोक्यावर. अनेक कारखाने तोट्यात गेले आणि शेतकऱ्याचे पैसे थकले.

आयातीवर बंधन होते तोवर हे झाकून राहिले. १ जानेवारी २०२० पासून आसियान देशांतल्या करारामुळे साखरेच्या आयातीची कोटापद्धत उठली आणि थायलंडची स्वस्त साखर लोटली. गाळप बंद पडले, शेतकऱ्यांनी ऊस मोडून कसावा किंवा दुसरे काही लावले. उसाचे क्षेत्र थोड्या वर्षांत निम्म्याहून खाली आले. २०२०-२१ च्या हंगामात साखर सात लाख टनांच्या आसपास झाली. तपास होऊन जून २०२१ मध्ये थाई साखरेवर ४७.६४ टक्के शुल्क बसवले, तेव्हा कुठे जे कारखाने तगले होते त्यांना श्वास घेता आला. त्यांनी उसाला भाव वाढवून दिला आणि २०२३-२४ मध्ये उत्पादन अकरा लाख टनांच्या आसपास आले.

आपल्या देशाने २०१८ साली साखरेवरचे आयात शुल्क १०० टक्के केले. त्या भिंतीआड आपण बसलो आहोत. भिंत असावी, यात वाद नाही. पण भिंतीआडच्या काळात उतारा वाढवला नाही, तोडणी-वाहतुकीचा खर्च आवरला नाही, तर भिंत हलली त्या दिवशी काय होते, ते व्हिएतनामच्या ऊस उत्पादकाने भोगून दाखवले आहे.

पुढे काय?

२०४५ सालापर्यंत श्रीमंत देशांच्या पंगतीला बसायचे, असा व्हिएतनामचा संकल्प आहे. जमेल का? जमेच्या बाजू आपण पाहिल्या. अडचणीही थोड्या नाहीत.

पहिली, निर्यातीतला सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा परदेशी कंपन्यांचा आहे. सुटे भाग बाहेरून येतात, तिथे जोडले जातात. मजुरी देशाला मिळते, मोठा नफा बाहेर जातो. दुसरी, एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर भिस्त. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने त्यांच्या मालावर ४६ टक्के शुल्क जाहीर केले तेव्हा देशभर धाबे दणाणले. जुलैत वाटाघाटीनंतर ते २० टक्क्यांवर आले. तिसरी, मेकाँगच्या मुखाशी समुद्राचे खारे पाणी शेतात शिरते आहे. २०१६ आणि २०२० च्या दुष्काळात त्याने मोठी हानी केली. चौथी, कॉफी. १९८६ साली वीस हजार टनांच्या आत असलेले पीक आज सतरा-अठरा लाख टनांच्या घरात आहे, ब्राझीलच्या खालोखाल; पण त्यापायी जंगल गेले, विहिरींचे पाणी खोल गेले, आणि २००१ च्या सुमारास जगात भाव कोसळले तेव्हा शेतकरी कर्जात बुडाला. पाचवी, लोकसंख्या झपाट्याने म्हातारी होते आहे.

आणि सहावी, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. उत्तरेत जमीन वाटताना बरी-वाईट जमीन सगळ्यांना सारखी यावी म्हणून एकेका घराला सात-आठ ठिकाणी तुकडे दिले. आपल्याला एकत्रीकरण आणि तुकडेबंदी माहीत आहे. तोच प्रश्न तिथे उभा राहिला, आणि जमिनींची अदलाबदल करून तुकडे जोडण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. मोकळा झालेला लहान शेतकरी बाजारात एकटा पडला. भाव व्यापारी ठरवणार, खताचा दर दुकानदार ठरवणार. म्हणून ज्या देशाने जुन्या सामुदायिक संस्था मोडल्या, त्यानेच १९९६ साली नवा सहकार कायदा केला. नव्या संस्था पाणी, बी, यंत्रे, विक्री यांची सेवा देतात. जमीन शेतकऱ्याकडेच राहते. म्हणजे फिरून ते जिथे आले, तिथून आपण सुरुवात केली होती!

आपण काय घ्यायचे?

यातून 'सहकार वाईट, खासगी चांगले' असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा. तिकडचा जुना सहकार मोडला, कारण त्यात सभासदाला 'नाही' म्हणायची सोय नव्हती, कष्टाचा आणि मोबदल्याचा मेळ नव्हता, आणि संस्थेचा खर्च किती हे विचारायची हिंमत नव्हती. या तीन गोष्टी ज्या संस्थेत शिरतील ती संस्था, मग ती हनोईजवळची असो की आपल्या तालुक्यातली, पोखरली जाणारच.

आपल्याकडे 'नाही' म्हणायची आणि विचारायची सोय कायद्याने दिलेली आहे. ती वापरायची की नाही, हे आपल्यावर. वजनकाट्याची पावती घरी गेल्यावर डब्यात टाकून देऊ नका. टनाचा आणि बिलाचा मेळ घाला. अहवाल पोहोचला की त्यातला उतारा, प्रक्रिया खर्च, तोडणी-वाहतूक आणि कर्जाचे व्याज हे चार आकडे मागच्या वर्षाशी ताडून पहा. नाही समजले तर शेती अधिकाऱ्यांना विचारा, गटाच्या संचालकांना विचारा. आणि वार्षिक सर्वसाधारण सभेला नुसते हात वर करायला नव्हे, तर हे चार आकडे खिशात घेऊन या.